कमानीवर कोणाचे चित्र?

मिरजेचा गणेशोत्सव पाहायला आलेला माणूस मूर्तीला हात जोडतो, पण त्याआधी मान वर करून कमान पाहतो. विसर्जनाच्या मार्गावर, लक्ष्मी मार्केटच्या आसपास आणि पुढे गणेश तलावाच्या दिशेने, मंडळे आणि संघटना स्वागत कमानी उभ्या करतात. बांबू-वाशांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले चित्र, वर रोषणाई. शिवरायांच्या आयुष्यातले आणि पुराणातले प्रसंग इमारतीएवढे मोठे होऊन रस्त्यावर येतात. मिरवणूक रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तरी संपलेली नसते. कागवाड-अथणीकडची कानडी बोलणारी कुटुंबेही पोराबाळांसह आलेली असतात. सांगली, मिरज आणि आमचे माधवनगर एकमेकांच्या इतके जवळ की, मिरजेची कमान यंदा कशी झाली, हा विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवर आठवडाभर पुरतो.

सार्वजनिक कला हा शब्द जरा जड वाटतो. अर्थ मात्र साधा आहे. जी पाहायला तिकीट काढावे लागत नाही आणि जी टाळायची म्हटली तरी टाळता येत नाही, ती सार्वजनिक कला. माझ्या घरातल्या भिंतीवर मी कोणती तसबीर लावतो, हा माझा प्रश्न. पाहुण्याला ती आवडली नाही तर तो फार तर मनातल्या मनात नावे ठेवील. चौकातल्या चित्राखालून मात्र सगळ्यांना जावे लागते. दूधवाल्याला, शाळेच्या मुलांना, मिशन हॉस्पिटलकडे रुग्ण घेऊन निघालेल्या रिक्षावाल्याला आणि नमाजाला निघालेल्या म्हाताऱ्यालाही. म्हणून चौकातले चित्र हे कोणा एका मंडळाचे राहत नाही. ते गावाच्या वतीने बोलू लागते, मग गावाने त्याला वकीलपत्र दिलेले असो वा नसो.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये मिरजेत हेच झाले. गणेशोत्सवातल्या एका कमानीवर अफजलखानाच्या वधाचे चित्र होते. त्यावरून आक्षेप निघाला, वाद झाला, दगडफेक झाली. संचारबंदी लागली, विसर्जन रखडले. दंगलीचे लोण सांगलीला आले आणि कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत पोहोचले. विधानसभेच्या निवडणुका महिन्यावर आल्या होत्या, आणि त्या आगीवर कोणी कोणी आपली पोळी भाजून घेतली याची चर्चा पुढे बरीच झाली. त्या राजकारणात मला आज शिरायचे नाही. इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही तो वेगळाच प्रश्न. कापडावरचे एक चित्र गाव पेटवू शकले, याचा अर्थ त्या चित्राने गावाला काहीतरी सांगितले होते. ते काय होते?

नीट विचार केला तर असे दिसते की, ते चित्र मिरवणारा आणि त्यावर दगड मारणारा, दोघांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत होते. अफजलखान हा मिरजेतल्या मुसलमानांचा कोणीतरी लागतो, हे दोघांनीही गृहीत धरले होते. एकाला वाटले, खानाला पाडलेला दाखवला की यांना डिवचता येते. दुसऱ्याला वाटले, खान पडलेला दिसला म्हणजे आपलाच अपमान झाला. भांडण पुढचे, ही समजूत आधीची, आणि दोघांच्या सामाईक मालकीची.

खरे तर अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी तो मारला गेला. त्याच्या बाजूने वाटाघाटी करणारा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. राज्य आणि चाकरी यांचे ते भांडण होते, आणि त्यात कोण कोणाच्या बाजूला उभा होता याची यादी केली तर आजच्या आपल्या सोयीच्या दोन रांगा काही लागत नाहीत. मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याला रंधा मारत बसलेल्या कारागिराचा हा खान कोण लागतो? काही लागत नाही. त्या कारागिराचा खरा पूर्वज कोण होता, हे मात्र आपल्याला माहीत आहे, आणि ती गोष्ट कोणत्याही कमानीवर शोभेल अशी आहे.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे आणि हत्यारे दुरुस्त करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. हा मुलूख आदिलशाहीने पाहिला, मोगलांनी पाहिला, मराठ्यांनी आणि पटवर्धनांनी पाहिला. राज्य कोणाचेही असो, तलवारीला धार लागतेच. इंग्रजांचा अंमल बसला आणि तलवारीचे काम संपले. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, या घराण्यांतले फरीदसाहेब तंबोऱ्याच्या दुरुस्तीकडे आणि मग तंबोरा घडवण्याकडे वळले. ज्या हातांना लोखंडाची धार कळत होती त्यांना तारेची जवारी कळू लागली. हत्यार खाली ठेवून वाद्य हातात घेतलेले असे गाव महाराष्ट्रात दुसरे मला ठाऊक नाही. पुढे मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्येच मिळाले होते.

बँकेच्या नोकरीत असताना कर्जाच्या कामाने या गल्लीत माझे जाणे होई. आमच्या छापील फॉर्मवर 'शिल्लक माल' असा एक रकाना असे. छताला टांगून ठेवलेले भोपळे त्या रकान्यात कसे लिहायचे, हा आमच्यापुढचा मोठा पेच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा आधी नीट वाळू द्यावा लागतो. मग तो कापायचा, भिजवायचा, आकाराला आणायचा, लाकडाची दांडी जोडायची, पुन्हा वाळवायचा. वाद्य तयार झाल्यावरही ते लगेच बोलत नाही. घोडीवर तार जिथे टेकते तिथली जवारी कारागीर कानाने काढतो. अंगुळाच्या कितव्या भागाने घासावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. महिनोन्महिने असा जीव गुंतवलेला माल हिशेबाच्या वहीत 'अपूर्ण' म्हणूनच धरला जातो. कारागीर हसून म्हणे, साहेब, गवयाने हातात घेईपर्यंत तो अपूर्णच असतो.

आणि ते गवई तरी कोण? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या किराण्याचे. मिरजेत येऊन राहिले आणि मिरजेचेच झाले. त्यांनी मराठी नाट्यपदे गायली, दक्षिणेतल्या त्यागराजांच्या कृती आपल्या गळ्यात घेतल्या. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कानडी मुलखातल्या कुंदगोळचे. त्यांच्या पत्नी ताराबाई माने मराठी, आणि कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात खाँसाहेबांना मरण आले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. दर वर्षी उरुसात तिथे त्यांच्या नावाने संगीत सभा होते आणि देशातले मोठे कलावंत तिथे हजेरी लावणे हा मान समजतात. त्याच उरुसाची सुरुवात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होते. इकडे नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. देवळात आणि दर्ग्यात लागणारे तंबोरे एकाच गल्लीतून जातात.

सांगलीचेही तसेच. आपण या गावाला नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली होती, ते खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या मनात आले की असे काही आपल्या भाषेत व्हावे, आणि त्यांनी ते काम भाव्यांना सांगितले, हा भाग भाषणात गळतो. मराठी नाटकाच्या पाळण्याची दोरी कानडी हातांनीही ओढलेली आहे. यात कमीपणा कसला? दुसऱ्याचे चांगले पाहून आपल्या भाषेत आणावेसे वाटणे, हीच तर जिवंत संस्कृतीची खूण.

आता कोणी म्हणेल, म्हणजे इतिहास लपवायचा काय? शिवाजी महाराजांनी अफजलखानाला मारले हे खोटे आहे काय? अजिबात खोटे नाही. चौथीच्या पुस्तकात तो प्रसंग वाचून आपण सगळे वाढलो. वर्गात शेजारच्या बाकावर शेख आणि मुल्ला आडनावाची मुले होती, तीही वाचत होती, आणि महाराज शामियान्यात शिरताना त्यांचाही श्वास रोखला जात होता. प्रसंग खरा आहे की नाही, हा प्रश्नच नाही. तो कोणाला उद्देशून, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी मांडला जातो, हा प्रश्न आहे. लग्नाच्या मांडवात एखाद्याने पाहुण्याच्या आजोबांचा जुना खटला वाचायला घेतला तर कागद खरा असूनही आपण त्याला खाली बसवतो.

शिवाय खरा इतिहास सांगायचा तर तो सगळा सांगावा. महाराजांनी खानाला मारले, आणि त्याच प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर झाली. मेल्यावर वैर संपते, हे त्या मातीतले शहाणपण. १९५७ साली त्याच गडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तो पुतळा पाहिलाय? महाराज घोड्यावर आहेत, आणि कोणीही पायाखाली पडलेले नाही. थोर माणूस थोर दिसायला शत्रू दाखवावा लागत नाही.

दंगलीनंतर आपण काय शिकलो, हे पाहिले तर मन खट्टू होते. चित्रावरून भांडण झाले, म्हणून चित्राला परवानगी लागू झाली. बंदोबस्त करणाऱ्यांना दोष देता येत नाही. त्यांना रात्र शांततेत काढायची असते. पण कलेच्या बाबतीत 'आक्षेपार्ह काही नाही' हा शेरा म्हणजे गुण नव्हे. आणि हळूहळू, मिरजेतच नव्हे तर सगळ्या महाराष्ट्रात, रंगवलेल्या कापडाची जागा फ्लेक्सने घेतली. आज कोणत्याही गावाच्या कोणत्याही चौकात उभे राहा. कोपऱ्यात छोटासा गणपती किंवा छोटेसे महाराज, आणि उरलेल्या जागेत हात जोडलेले, काळा चष्मा लावलेले, वाढदिवसाचे इच्छुक चेहरे. डिवचणारे चित्र नको म्हणता म्हणता आपण चित्रच घालवले. पेंटर उपाशी राहिला आणि कमानीचे होर्डिंग झाले.

दुसरा सोपा उपाय सरकारी असतो. चार धर्मांची चार चिन्हे, मध्ये कबुतर, खाली एकमेकांत गुंफलेले हात. शाळेच्या भिंतीपासून पोलीस चौकीपर्यंत हे चित्र आपण इतक्यांदा पाहिले आहे की, आता ते दिसतही नाही. त्या चित्रात हेतू चांगला असतो, पण गाव नसते. ते मिरजेत लावा की मेरठला, काही फरक पडत नाही. मिरजेची सरमिसळ चार चिन्हांची नाही. ती शिकलगाराने केलेल्या, देवीपुढे वाजणाऱ्या तंबोऱ्याची आहे. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे हे गाव दवाखान्यांचे गाव झाले, त्याची आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार वाटांनी माणसे उतरवणाऱ्या जंक्शनची आहे.

आमच्याच जिल्ह्यात याहून शहाणी उदाहरणे आहेत. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत पाहायला लांबून लोक येतात. बांबूचे अनेक मजली सांगाडे, त्यावर रंगीत कागदाचे नाजूक काम, आणि शेकडो खांद्यांवर डुलत येणाऱ्या ताबुतांच्या भेटी. त्यातले काही ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत. ती कलाकृती दोघांनी मिळून बांधलेली असते, आणि जे आपण बांधले त्यावर दगड मारायला हात उचलत नाही. वाळवे तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून गणपती मशिदीत बसवतात. कारण साधे होते. पाऊस आला, मूर्ती भिजू नये म्हणून शेजारच्या मशिदीचे दार उघडले गेले आणि पुढे ती रीत झाली. ऐक्याची परिषद भरवून हे झालेले नाही. गावात छप्पर कोणते रिकामे आहे, एवढाच विचार होता.

जगातही हा प्रश्न आपल्यालाच पडलेला नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वस्त्यांच्या भिंती अनेक वर्षे बंदूकधाऱ्यांच्या चित्रांनी रंगलेल्या होत्या. भिंत पाहून कळे की आपण कोणाच्या हद्दीत आहोत. १९९८ चा करार झाला, बंदुका शांत झाल्या, तरी भिंती बोलतच होत्या. म्हणून २००६ पासून तिथल्या कला परिषदेने एक योजना आणली. वस्तीतल्या लोकांनी चित्रकाराबरोबर बसायचे आणि आपल्या भिंतीवर आता काय असावे हे ठरवायचे. काही ठिकाणी बंदुकीच्या जागी जहाज बांधणारे कामगार, खेळाडू, त्या वस्तीतली जुनी माणसे आली. सगळ्या भिंती बदलल्या नाहीत. पण वरून चुना फासण्यापेक्षा, ज्याची भिंत त्यालाच विचारायचे, हा धडा घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे मात्र सार्वजनिक कला म्हटले की पुतळा, आणि पुतळा म्हटले की घाई. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा पुढच्या ऑगस्टमध्ये कोसळला, तेव्हा मराठी माणसाच्या काळजाचा ठोका चुकला. ज्या राजाने बांधलेला सिंधुदुर्ग समोर साडेतीनशे वर्षे लाटा झेलत उभा आहे, त्याचा पुतळा नऊ महिनेही टिकू नये? भक्ती कमी होती असे नाही. कारागिरीला जो वेळ द्यायचा तो समारंभाच्या तारखेने खाल्ला. सतारमेकर भोपळा वाळायची वाट पाहतो, ती काही गंमत म्हणून नाही.

मग करावे काय? मी आयुष्यभर बँकेत प्रस्ताव वाचले, तेव्हा प्रस्तावाशिवाय लेख संपवणे मला जमणार नाही. पहिली गोष्ट, कमान हाताने रंगवलेली असावी आणि तिच्यावर पेंटरचे नाव मोठ्या अक्षरात असावे. नाव लिहावे लागले की माणूस जपून आणि मन लावून काम करतो. पुढाऱ्याच्या नावाने तो परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट, वर्षातून निदान एका कमानीचा विषय याच गावातला असावा. तलवार बाजूला ठेवून तंबोरा घडवणारे फरीदसाहेब, गाणाऱ्या हिराबाई, सांगलीच्या दरबारात पहिला खेळ मांडणारे भावे, २०१९ च्या महापुरात होडीतून म्हाताऱ्यांना काढणारी पोरे. यात शिवराय वगळायचे असे मी म्हणत नाही. शिवराय असावेतच, पण त्यांचा राज्याभिषेक असावा, त्यांनी बांधलेले दुर्ग असावेत, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असे बजावणारे त्यांचे राज्य असावे.

तिसरी गोष्ट महानगरपालिकेसाठी. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे १९९८ साली एका महानगरपालिकेत आली. कागदावर एक झाली, मनाने अजून शेजारीच आहेत. या तिन्ही गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर, स्थानकांवर, नाट्यगृहांच्या भिंतींवर इथल्या कारागिरांचे काम कायमचे दिसू द्या. त्यासाठी मुंबईहून सल्लागार आणू नका. ज्यांच्या भिंती आहेत त्या मोहल्ल्यांत आणि गल्ल्यांत बसा, चहा मागवा, विचारा. वेळ लागेल. लागू द्या.

आणि शेवटचे दोन शब्द दोन्हीकडच्या तरुणांसाठी. कमान बांधणाऱ्या पोराने चित्र निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: या चित्राखालून माझ्या वर्गातला मित्र आपल्या आईला घेऊन जाईल, तेव्हा त्याने मान वर करावी असे मला वाटते की खाली घालावी? आणि त्या मित्रानेही स्वतःला विचारावे: साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या विजापूरच्या एका सरदाराचे ओझे मी माझ्या डोक्यावर का घेऊ? माझा आजा तर या गावात तारा जुळवत होता.

तंबोऱ्याला चार तारा असतात. चारही एका स्वराला लावलेल्या नसतात. तशा लावल्या तर तो तंबोराच राहणार नाही. प्रत्येक तार आपल्या जागी लागली की त्यांच्यामधून एक पाचवाच स्वर ऐकू येऊ लागतो, जो कोणीही छेडलेला नसतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेने हे वाद्य जगाला घडवून दिले. आपल्या चौकातल्या कमानीखाली उभे राहून तो गंधार ऐकण्याइतकी शांतता या गावाला अजून ठेवता येईल, असा माझा विश्वास आहे.